गाईचं औषध

कडूबाच्या घरी प्रिंटर आला तेव्हा आमच्या गल्लीला वाटलं, त्याचा मुलगा देवानंद आता झेरॉक्सचं दुकान टाकतो. तसं काही नव्हतं. खामगावला हर्षल नावाचा त्याचा एक दोस्त आहे, त्याचं इंटरनेटचं दुकान बसलं. बसलेल्या दुकानातला हा डबडा प्रिंटर आणि सोबत एक जुना लॅपटॉप देवानंदनं गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर आणला. प्रिंटरला वरचं झाकण नव्हतं. रंगीत शाई सुकलेली, काळी तेवढी चालायची. आमच्या गावात कुणाच्या घरी काही नवं आलं की बघायला जायची रीत आहे, म्हणून आम्ही बायकाही गेलो, पुष्पाबाईच्या हातचा चहा प्यालो आणि काही न समजता माना हलवून परत आलो.

गाव आमचं पिंपळगाव राजाच्या जरा आत. त्या वर्षीचा पावसाळा असा की धड पाऊसही नाही आणि धड ऊनही नाही. रोज सकाळी आभाळ खाली यायचं आणि दिवसभर तसंच बसून राहायचं. अंगावरचा घाम वाळत नव्हता, दोरीवरची लुगडी वाळत नव्हती. कपाशीवर अळी पडलेली, आणि वरून ढोरांना लम्पी. अंगभर गाठी, पायाला सूज. गाठ फुटली की माशी बसायची, माशी बसली की जखमेत अळ्या. ढोरांचा बाजार बंद होता. पोळासुद्धा भरला नाही, ज्यानं त्यानं आपल्या गोठ्यातच बैल पूजले. आणि ज्याच्या घरी लम्पी शिरली तो काही बोलत नव्हता. बोललं की डेअरीवाला दूध घेत नाही, शेजारची बाई आपली ढोरं त्या वाटेनं नेत नाही. गोठ्याला साड्यांचे आडोसे लावून लोक आजारी जनावर लपवून ठेवत होते, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असून कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

कडूबा साठीच्या पुढचा, काळाकुट्ट, हाताची बोटं विळ्यासारखी वाकडी. वावर थोडं, पण त्यात मर मर राबणारा माणूस. पुष्पाबाई त्याची बायको, देवानंद मुलगा, अश्विनी सून, आणि छकुली नात, जी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायची. कडूबानं कुठल्या तरी मेळाव्यात अळीवर घरी औषध बनवायचं ऐकलं होतं. दहा झाडांचा पाला कुटायचा, गाईचं शेण आणि गाईचं मूत घालायचं, पिपात महिनाभर सडवायचं. मागच्या साली त्यानं आपल्या कपाशीवर मारलं आणि अळी गेली. लोकांनी मागितलं, त्यानं दिलं. या साली देवानंद म्हणाला, फुकट काऊन द्यायचं, बाटल्या भरू, लेबल लावू, बाजारात नेऊ. म्हणून तो प्रिंटर.

पीप होतं अंगणातल्या बोरीखाली. कडूबा नाकाला फडकं बांधून काठीनं ते ढवळायचा. वास असा की आमच्या घरातली भाकर घशाखाली उतरत नव्हती. त्यात तो कण्हेरीचा पाला पाटी पाटीनं टाकायचा.

"मामाजी, कण्हेर लय होऊन राह्यली," अश्विनी एकदा म्हणाली. "मेळाव्यातल्या मॅडमनं मूठभर सांगतली व्हती म्हणे."

"अळी मॅडमच्या वावरात हाय का माह्या?" कडूबा म्हणाला. "यंदाची अळी साधी नाही. तिले अशीच मात्रा पाह्यजे."

"आपली गाय चुकून चार पानं खाईन त्याची, तं मरन."

"म्हणूनच तं तिले तिकडं बांधली."

पुष्पाबाईची एक तलंग कोंबडी पिपाच्या बुडाशी साचलेलं पाणी प्यायली. दुपारी ती बोरीखाली पंख सैल सोडून बसलेली दिसली. डोळे मिटलेले. पुष्पाबाई म्हणाली, "पाहा कशी निवांत बसली, खुडूक झाली वाटते." संध्याकाळी उचलायला गेली तर ताठ. कडूबाला त्याचं वाईट वाटण्याऐवजी समाधानच वाटलं. कोंबडी टिकली नाही तर अळीची काय कथा, असं तो पुढं आठ दिवस दिसेल त्याला सांगत होता.

मग लेबलाचं काम निघालं. अश्विनी नांदुऱ्याची, लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. घरात आल्यापासून तिच्या हाताला शेण आणि भाकरीचं पीठ यापलीकडे काही लागलं नव्हतं, म्हणून या कामाचा तिला मनापासून आनंद झाला होता. दारातल्या खाटेवर लॅपटॉप, स्टुलावर प्रिंटर. लाईन असेल तेवढ्या वेळात काम. आधी ती साध्या कागदावर छापून पाहायची. कोपऱ्यात पेनानं फुली मारायची म्हणजे कागद कुठल्या अंगानं आत जातो ते कळतं. तरी पहिला स्टिकरचा कागद उलटाच गेला आणि लेबलाऐवजी मागच्या पिवळ्या कागदावर शाईचं शेण झालं. दुसरा आत अडकला. तो तिनं चिमटीनं असा हळू हळू ओढून काढला की पुष्पाबाई श्वास धरून बसली होती.

नाव काय द्यायचं यावर घरात अर्धा दिवस गेला.

"दशपर्णी अर्क लिवते," अश्विनी म्हणाली.

"कोण म्हणते दशपर्णी?" कडूबा म्हणाला. "मले आजलोक कोणी म्हणलं नाही, कडूबा, दशपर्णी दे. सगळे म्हणतात, गाईचं औषध दे. तेच लिव."

आणि तेही खरंच होतं. गावात त्याला सगळे गाईचं औषधच म्हणायचे, कारण ते गाईच्या मुतापासून होतं. साध्या वस्तूला भारी नाव देऊन बुजगावण्याला कोट घालायचा नाही, एवढं कडूबाचं मत ठाम होतं.

चित्र आधी कपाशीच्या बोंडाचं टाकलं होतं. काळ्या शाईत ते बोंड जळालेल्या पावासारखं दिसायला लागलं. गाय टाकली, तर गाय झकास उतरली. शिंगं, वशिंड, गळ्यातली घंटा, सगळं. छकुलीनं पाहिलं आणि हंबा म्हणाली. मग काय, गाय पक्की झाली. वर ठसठशीत अक्षरात गाईचं औषध, त्याखाली देवानंदचा मोबाईल नंबर, त्याखाली गाय. आणि सगळ्यात खाली, जागा उरली तेवढ्यात, अश्विनीनं बारीक अक्षरात लिहिलं: फक्त कपाशी, तूर व भाजीपाल्यावर फवारणीसाठी. विषारी आहे. माणसांच्या व जनावरांच्या पोटात जाऊ देऊ नये.

कात्रीनं लेबलं कापून झाली, पाण्याच्या अन् कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या धुऊन भरून झाल्या. पुष्पाबाईनं पहिलं लेबल ओल्या हातानं चिकटवलं आणि बोटाखाली अक्षरं पसरली.

"ही शाई पाण्यानं जाते," अश्विनी म्हणाली. "वरून चिकटपट्टी लावा लागन."

देवानंदनं पारदर्शक चिकटपट्टीचं एक रीळ आणलं. ती पट्टी लेबलापेक्षा अरुंद निघाली. नाव, नंबर आणि गाय एवढं झाकायचं आणि खालची ओळ उघडी राहायची. अश्विनीनं एका बाटलीला दोन पट्ट्या लावल्या. दुसरी पट्टी पहिलीवर चढली, मधे सुरकुती आली, गाईचे पाय वाकडे दिसायला लागले.

"काऊन दोन लावते वं?" देवानंद म्हणाला. "बेकार दिसून राह्यलं. अन् रीळ पुरलं पाह्यजे. एकच लाव."

"मंग खालचं उघडं राह्यते."

"राहू दे. नाव दिसलं, नंबर दिसला, झालं."

"जहराचं खालीच लिवलं हाय मी."

"मंग हाय न लिवलेलं. पुसलं कुठी?"

अश्विनीनं पुढची बाटली उचलली. सासूसासऱ्यासमोर नवऱ्याशी आणखी किती बोलायचं. दोघी सासूसुना बाटलीमागून बाटली घेत राहिल्या. अश्विनी नखानं लेबलाचा कोपरा सोडवायची, पुष्पाबाई लावायची, वरून एक पट्टी. काम छान दिसत होतं, हे मी स्वतः पाहिलं. दुकानातल्या मालासारखं दिसत होतं.

बाजाराच्या दिवशी देवानंद आणि कडूबा क्रेट घेऊन पिंपळगाव राजाला गेले. भुरभुर चालू होती. आणि इकडं गावात, त्याच दुपारी, भिंतीवरून ते बोलणं झालं.

कडूबाच्या घराला लागून रुखमाबाईचं घर. मधे छातीएवढी मातीची भिंत. रुखमाबाई विधवा, कानानं जड. मुलगा गोविंदा नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो, सकाळी अंधारात निघतो. तिच्याजवळ एक गाय होती, चांदी. पांढरी, कपाळावर तांबूस. म्हातारीचा सगळा जीव त्या गाईत. गोविंदा लहान असताना दूध नव्हतं तेव्हा चांदीच्या आईनं त्याला वाढवला, असं ती कायम सांगायची. त्या चांदीला लम्पी झाली होती. रुखमाबाईनं गोठ्याला दोन नऊवारी लुगडी आडवी बांधली होती आणि कुणी विचारलं तर म्हणायची, ढास चावतात वं. मानेखालची एक गाठ फुटली होती आणि तीत अळ्या वळवळत होत्या. सरकारी डॉक्टर उद्या येतो म्हणून चार दिवस आला नव्हता.

पुष्पाबाई उरलेल्या बाटल्या भिंतीवर ठेवून पुसत होती. रुखमाबाईला लिहिता वाचता येत नाही. पण गाय तर दिसते.

"काय वं पुष्पा, काय औषध हाय हे?"

"गाईचं हाय, बाई. घरीच करतो आमी."

"गाईचं?"

"हाव. गाईचंच."

रुखमाबाई जरा वेळ बाटलीकडं पाहत राहिली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "अळ्या पडल्या वं माह्याकडं. लय पडल्या."

पुष्पाबाईला वाटलं, हिच्या परसातल्या वांग्यावर पडल्या. दरवर्षी पडतात. "मंग हेच पाह्यजे," ती म्हणाली. "अळी राहातच नाही यानं. ने एक."

"कसं द्यायचं पण?"

"वरून मारलं तरी चालते. पाजलं तं अजून चांगलं. आतूनच जोर येते." कडूबा असंच सांगायचा. झाडाच्या बुडाशी औषध ओतण्याला आम्ही पाजणंच म्हणतो, पाणी पाजतो तसं.

"किती पाजू?"

"जास्त नोको. अर्धी बाटली लय झाली. अर्धी ठेव, आठ दिसानं पुन्हा दे."

रुखमाबाईनं दोन्ही हातांनी बाटली घेतली. हात ओले होते, भुरभुर होती. लेबलाची खालची ओळ तिच्या अंगठ्याखाली विरघळली आणि लुगड्याला पुसली गेली. तिच्या निऱ्यांवर तो काळा डाग मी दुसऱ्या दिवशीही पाहिला. वर गाय तशीच होती, पट्टीखाली, कोरडी, घंटेसकट.

संध्याकाळी देवानंद बाजारातून आला तो हवेत. क्रेट रिकामं, तळाशी दोनतीन बाटल्या. लोकांनी नंबर पाहून तिथूनच फोन लावून पाहिले म्हणे, खरा आहे का. अश्विनीनं उरलेली एक बाटली हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. खालच्या ओळीच्या जागी राखाडी पट्टा होता. दुसरीवरही. तिसरीवरही.

"हे पाहा, सगळं धुतलं गेलं," ती म्हणाली. "विकलेल्यायवरबी असंच झालं असन."

"मी तोंडानं सांगतलं सगळ्यायले. अळीचं औषध हाय म्हणून."

"नुसतं अळीचं? फवाराचं म्हणून सांगतलं का?"

"लोकं का यडे हायत?" देवानंद म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

अश्विनीनं त्या उरलेल्या बाटल्यांवर काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात जहर लिहिलं. कडूबा चिडला. जहर लिहिलेली बाटली कोण विकत नेतो, म्हणाला. तिनं पुसलं नाही. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच अशी उभी राहिली, आणि पुष्पाबाईनं मधे पडून तिला चुलीकडं पिटाळलं. एक बाटली भिंतीपलीकडं गेली हे सांगायचं पुष्पाबाईच्या ध्यानातच आलं नाही. वांग्याला नेली, त्यात सांगण्यासारखं काय होतं.

दुसऱ्या दिवशी देवानंदला फोन येत होते. कुणी मोताळ्याकडचा, कुणी नांदुऱ्याच्या पलीकडचा. "गाईचं औषध तुमच्याकडंच भेटते का?" तो म्हणायचा, "हाव, भेटते, पुढच्या बाजारी आणतो." कशासाठी पाहिजे, हे त्यानं एकालाही विचारलं नाही. अश्विनी चुलीपुढून ऐकत होती. एकदा ती उठून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "गाई आजारी असतीन त्याइच्या. त्याच्यासाठी तं नाही मागून राह्यले?" तो हसला. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. पोरगा वाईट नाही, पण पहिल्यांदा आयुष्यात लोक त्याला फोन करून काही मागत होते आणि त्याला तेवढंच ऐकू येत होतं.

त्याच दुपारी रुखमाबाई मला हापशीवर भेटली. बरेच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. "उतरलं वं दुखणं," ती म्हणाली. "सकाळी औषध देलं. लय तडफड केली, मले वाटलं आता काही खरं नाही. पण आता निवांत बसली." मला वाटलं, नांदुऱ्याची तिची बहीण आली असेल, तिचं दुखणं. म्हटलं, बरं झालं.

पहाटे गोविंदा जिनिंगला जायला निघाला तेव्हा गोठ्यात गेला, आणि आरडाओरडा न करता परत येऊन ओट्यावर बसला. चांदी आडवी पडली होती. चारही पाय ताठ, तोंडाला हिरवा फेस, जीभ मातीला लागलेली. मग लुगड्यांचा आडोसा काढला आणि गाठी सगळ्यांनी पाहिल्या. लम्पी, लम्पी, असं गावभर झालं. लोक लांबून पाहत होते. जवळ आले ते कडूबा आणि देवानंदच. त्यांनीच दोर लावला, त्यांनीच गोविंदाच्या बरोबरीनं ओढलं. गावाबाहेर जेसीबीनं खड्डा खणला, मीठ टाकलं, चुना टाकला. कडूबानं खड्ड्याच्या काठावर डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. कुणाच्या औषधानं मेलेल्या गाईला त्यानं हात जोडले, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

रुखमाबाई रडली नाही. ती रिकाम्या दावणीशी बसून राहिली. तिला उठवलं की उठायची, पाणी दिलं की प्यायची, पुन्हा तिथंच जाऊन बसायची. घरात माणूस गेल्यावर बसायला जातात तशा आम्ही बायका तिच्या अंगणात गेलो. सकाळीच जानेफळहून तिचा जावई भगवंतराव भेटायला येऊन गेला होता, मोटारसायकलवर. लगेच परतला, त्याच्याही घरी आजारीच गाय होती. पुष्पाबाई बसायला आलेली होती. मागून अश्विनी चहाची किटली घेऊन आली, छकुली पदराला धरून.

आभाळ नेहमीसारखं खाली आलेलं. गोठ्यातून चुन्याचा वास येत होता. रुखमाबाई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "उशीर माह्याच झाला. पहिल्या गाठीलेच देलं असतं औषध, तं वाचली असती."

"कोणतं औषध, मावशी?" अश्विनीनं कपात चहा ओतता ओतता मोठ्यानं विचारलं.

"तुमच्याच घरचं न वं. गाईचं."

चहा कपाबाहेर सांडायला लागला. पुष्पाबाईच्या तोंडाकडं मी पाहिलं. बाईच्या ध्यानात सगळं एकदम आलं होतं. वांगी, अळ्या, भिंत.

"लावलं का जखमेले?" अश्विनीनं विचारलं. आशा धरूनच विचारलं तिनं.

"पाजलं. तुह्या सासूनंच सांगतलं, पाजलं तं अजून चांगलं. तोंड उघडत नव्हती, मंग नळकांड्यानं घातलं." गोठ्याच्या मेढीला ढोरांना पाजायचं बांबूचं नळकांडं अडकवलेलं होतं. रुखमाबाईनं तिकडं बोट दाखवलं. "अर्धंच घातलं पण. पुष्पा म्हणे जास्त नोको."

पुष्पाबाईनं अश्विनीचा पदर मुठीत धरला. "चाल घरी," ती हळूच म्हणाली. रुखमाबाईला ऐकू येत नाही म्हणून तिच्यासमोरच म्हणाली. "तिले काही सांगू नोको. स्वताच्या हातानं गाय मारली म्हणून समजलं, तं जीव देईन बुडी. लम्पीनंच मेली, असू दे तसंच."

आणि मला विचाराल तर मलाही तेच बरोबर वाटलं. गाय तर गेलीच होती. म्हातारीच्या कपाळी गोहत्या कशाला लावायची. अश्विनीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं किटली खाली ठेवली आणि उठायला लागली. मग काय सुचलं तिला, उभी राहता राहता तिनं मोठ्यानं विचारलं, "मावशी, उरलेली अर्धी बाटली कुठी हाय?"

"जावाई घेऊन गेले. त्याइची तांबडी गाय पडेल हाय. म्हणलं, वेळेवर द्या, माह्यासारखा उशीर करू नोका."

पुष्पाबाईनं पदर सोडला नव्हता. अश्विनीनं तो तिच्या मुठीतून ओढून घेतला.

"तुमचा फोन द्या, मावशी."

रुखमाबाईनं कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला. तिला कमी ऐकू येतं म्हणून गोविंदानं त्यावर अशी सोय करून ठेवली आहे की पलीकडचं सगळं मोठ्यानंच ऐकू येतं. अश्विनीच्या ते ध्यानात आलं नाही की आलं आणि तरी तिनं लावला, मला सांगता येणार नाही. भगवंतरावाच्या फोटोवर तिनं बोट दाबलं. रिंग वाजत राहिली. आम्ही सगळ्या बायका त्या फोनकडं पाहत होतो.

"हॅलो, आई, बोला."

"मी शेजारची अश्विनी बोलून राह्यली. ते बाटलीतलं पाजू नका गाईले. फवाराचं हाय ते. जहर हाय."

 भगवंतराव म्हणाला, "कोणती बाटली? गाईचं चित्र हाय तेच का?"

"हाव. तेच. पाजू नका."

"पाजलं न, ताई. आल्याबरोबर पाजलं. सगळंच पाजलं." माणूस समाधानानं बोलत होता, जहर हा शब्द त्याच्या डोक्यात अजून शिरलाच नव्हता. "लय लागू पडलं पण. पाय झाडत व्हती, उठत व्हती, पडत व्हती. आता पाहा न, कशी निवांत बसली."

छकुलीनं नळकांड्याकडं हात केला आणि हंबा म्हणाली.

"डॉक्टर बोलवा," अश्विनी फोनमधे म्हणाली. "कोणीबी बोलवा. आत्ताच."

रुखमाबाई दावणीशी उभी राहिली. मेढीचा आधार घेऊन, सावकाश. तिनं आपले दोन्ही हात पाहिले, उलटे, मग सुलटे, आणि लुगड्याला पुसले.

"चांदीबी अशीच बसली व्हती," ती म्हणाली.

पुष्पाबाई खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडं चार्जिंगला लावलेला देवानंदचा मोबाईल वाजायला लागला. बापलेक वावरात, घरात कुणी नव्हतं. वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला. तो कशासाठी वाजतो हे आता त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

अश्विनी जागची हलेना. सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळलेल्या रुखमाबाईनं पाहिल्या आणि ती तिच्याजवळ गेली. हातातला आपला फोन परत घेतला आणि त्याच हातानं तिला भिंतीकडं जरा ढकललं.

"जाय वं," ती म्हणाली. "उचल तो. सांग त्याइले."

अश्विनी दारानं गेली नाही. साडी खोचून भिंतीवरून पलीकडं उतरली, आणि आम्हाला तिचा आवाज ऐकू आला, "हॅलो, हाव, गाईचं औषध. आधी मले सांगा, कोणाले देलं?"